कानबाईच्या गोळ्या

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी चारुलता पाटील काट्याच्या झोळीत टांगलेल्या सात दिवसांच्या बाळाकडे बघत होती. बाळ पाय झाडत होतं, काटा थरथरत होता. काटा स्थिर होईपर्यंत तिनं वाट पाहिली आणि वहीत लिहिलं : दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम. जन्माच्या वेळी दोन सहाशे होतं. बाळाची आजी म्हणाली, आकडा मोठ्यानं सांगू नको, दृष्ट लागते. चारुलतानं तो सांगितला नव्हताच. तरी तिनं वहीचं पान हातानं झाकलं.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं, दोन हजार शंभर वस्तीचं. चारुलता सोळा वर्षांपासून या गावची आशा कार्यकर्ती आहे. वय चव्वेचाळीस. गावातली कोणती सून गरोदर आहे, कोणाचं रक्त कमी आहे, कोणाच्या बाळाची लस राहिली आहे, हे तिला वही न उघडता सांगता येतं. दिवस गेल्याचं नवऱ्याच्या आधी चारूअक्काला कळतं, अशी थट्टा गावात चालते आणि तिला ती आवडते. घरात दर्शनी भिंतीवर तालुक्याचं प्रशस्तिपत्र चौकटीत लावलेलं आहे. नवरा गिरधर म्हणतो की पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी ते वाचायला मिळतं.

त्या दिवशी तिच्या पिशवीत काटा, थर्मामीटर आणि वही यांच्याखाली एक कापडी बटवा होता. बटव्यात गोळ्यांची अकरा पाकिटं. ही गोळी तिच्या सरकारी औषधांत नाही आणि तिच्या कामातही बसत नाही. पण येत्या रविवारी कानबाई बसणार होती.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवीची स्थापना होते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ असे गहू मोजून घेतात, धुतात, दळतात, त्याचे नैवेद्याचे रोट होतात. पाळी आलेल्या बाईचा हात त्याला लागलेला चालत नाही. सुनेला नेमकी त्याच दिवशी पाळी आली तर वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून पाळी आठ-दहा दिवस पुढे ढकलणाऱ्या गोळ्या बायका घेतात. मेडिकलमध्ये पुरुष असतो, त्याच्याकडे मागायची लाज वाटते. मग नावं चारुलताकडे येतात आणि ती अमळनेरहून पाकिटं आणते. गावात त्यांना कानबाईच्या गोळ्या म्हणतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून त्या घेऊ नयेत हे चारुलताला माहीत आहे. वर्षातून एकदाच तर, असं ती स्वतःला सांगत आली आहे.

बाळंतिणीच्या घरातून ती बाहेर पडली तेव्हा कोपऱ्यावर भाविका उभी होती. हिलाल आणि गुंताबाई यांची ही मुलगी नववीत शिकते. खांद्यावर दप्तर होतं, पण शाळेचा रस्ता दुसरीकडे होता. भाविका म्हणाली, तिला एक पाकीट पाहिजे. चारुलतानं यादी आठवून पाहिली. गुंताबाईचं नाव होतं, मुलीचं नव्हतं. मग भाविका म्हणाली, एक नाही, दोन.

“दोन कशाला? कानबाई एकदाच बसते.”

“पुढच्या महिन्याला.”

“पुढच्या महिन्याला काय आहे?”

भाविका चपलेनं माती उकरत राहिली. गेल्या वर्षी आईच्या पाकिटातल्या घेतल्या होत्या तेव्हा बरं वाटलं होतं, एवढं म्हणाली. चारुलतानं तिला आपादमस्तक पाहिलं. चौदा वर्षांची पोर पुढच्या महिन्याची पाळी लांबवायला बघते, तीही आईला न सांगता. तुझ्या आईशीच बोलते, असं ती म्हणाली. भाविकाचा चेहरा पडला. “आईला नका ना सांगू ताई,” ती म्हणाली आणि शाळेच्या दिशेनं पळाली. झालं, पोरीचं कुठंतरी काही चाललंय अशी एवढ्यानं चारुलताची खात्री पटली. गुंताबाईला आजच गाठायचं असं ठरवून तिनं चार घरची पाकिटं वाटली आणि पावणेदहाला ती बेबाबाईच्या दारात पोचली.

बेबाबाई ओसरीवर रोटाचे गहू पाखडत होती. तिची मुलगी मयुरी चार दिवसांपूर्वी जळगावहून माहेरी आली होती. सासरी कानबाई बसत नाही, म्हणून श्रावणात ती इकडे येते. वय सत्तावीस, लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. नवरा जितेंद्र पाइपच्या कारखान्यात कामाला आहे. गावाला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, आणि त्यातलं ‘मूल नाही’ एवढंच गाव बोलत होतं.

“बठ्ठ्यास्न्या गोळ्या लई उनी,” बेबाबाई सूप न थांबवता म्हणाली, “मनी पोरन्या कोठे शेतस?”

चारुलतानं मयुरीच्या वाट्याचं पाकीट पुढे केलं. मयुरीनं ते हातात घेतलं, उलटं करून मागचं नाव वाचलं आणि परत दिलं. मला नको, मी घेतेच आहे, असं ती म्हणाली. आईला कळेना. मयुरी आत गेली आणि जाड फायलीतून एक पाकीट घेऊन आली. कंपनी वेगळी होती, चांदीचा कागद जरा गडद होता. औषधाचं नाव तेच होतं. अकरा गोळ्या संपलेल्या.

“जळगावच्या मॅडमनी दिलीय. रोज एक, चार महिने. पाळीच येऊ द्यायची नाही. या आजाराला हेच देतात. दुखणं थांबतं, आतली सूज बसते.”

“इतका वरीस ही गोळी गावमा व्हती,” बेबाबाई म्हणाली, “आनि डॉक्टरनी जळगावले जाईसन लिखी दिनी.” तिला त्यात गंमतच वाटली. गहू गिरणीत द्यायला उशीर होतोय म्हणत तिनं डबा कमरेवर घेतला आणि ती गेली.

चारुलता ओसरीवरच बसून राहिली. पाकीट अजून तिच्या हातात होतं. तिला आठवत होतं ते नऊ वर्षांपूर्वीचं.

तेव्हा मयुरी अठरा वर्षांची होती, रोजच्या एसटीनं अमळनेरच्या कॉलेजात जायची. बीएस्सीचं पहिलं वर्ष. पाळीच्या दिवसांत ती हमखास घरी असायची. एकदा बसमध्येच चक्कर येऊन पडली होती. चारुलतानं तिला पोटदुखीच्या साध्या गोळ्या दिल्या होत्या, गरम पाण्याची पिशवी सांगितली होती. त्या वर्षी कानबाईसाठी मयुरीनं ही गोळी घेतली, पहिल्यांदाच. कानबाई उठली आणि पुढच्या महिन्यात मयुरी पुन्हा आली, एक पाकीट द्या म्हणून. दिवाळीच्या आधी परत आली. प्रत्येक वेळी म्हणाली, आईला सांगू नका. तिसऱ्यांदा आली तेव्हा चारुलतानं तिला हात हलवत परत पाठवलं आणि त्याच संध्याकाळी गिरणीवर पिठाच्या रांगेत बेबाबाईला बाजूला घेतलं. पोर गोळ्या मागते, कॉलेजला जाते-येते, लक्ष असू दे, एवढंच ती बोलली होती. याहून जास्त काही बोलायची गरजही नव्हती. संक्रांतीनंतर मयुरी कॉलेजला गेली नाही. वैशाखात लग्न झालं. चारुलता त्या लग्नात जेवली होती. मुलीचं भलं केलं असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि त्यानंतरही बरीच वर्षं.

“ताई, कागद वाचता येतात ना तुम्हाला?” मयुरीनं फाईल पुढे केली. “आईला समजत नाही. जितेंद्रला समजतं, पण तो वाचत नाही.”

चारुलतानं वाचायला घेतलं. वाचताना खाली बघता येत होतं, ते बरं होतं. पहिला कागद तीन वर्षांपूर्वीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा होता. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. दोन्ही बीजांडकोशांवर गाठी. उजवी नळी वाकून मागे चिकटलेली. मयुरी शेजारी बसून सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, दुसऱ्याच्या रेशनकार्डाची माहिती द्यावी तशी ती बोलत होती. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच अस्तर या आजारात बाहेर वाढतं. दर महिन्याला आतलं अस्तर गळतं तसं हेही गळतं, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नाही. ते साचतं. साचलं की सूज येते, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीज पिकतं तेच त्या सुजेच्या शेजारी.

“नळी बंद एवढंच असतं तर टेस्ट ट्यूबनं भागलं असतं, असं मला वाटायचं. मॅडम म्हणाल्या, तसं नाही. बीजं कमी मिळतात, आणि मिळतात त्यातली काही कमजोर असू शकतात. गर्भ तयार झाला तरी वाढता वाढता थांबतो. आणि टिकला, तर आतलं अस्तर त्याला धरून ठेवेल याची खात्री नाही. सगळ्यांचं असं होत नाही. हा आजार असून दोन-दोन पोरं असलेल्या बायका त्यांच्याकडे आहेत. माझं असं झालं.”

पुढचा कागद चैत्रातला होता. बीजं सहा. फलित झाली चार. मयुरीनं आकड्यांवर बोट ठेवलं. लॅबमधून रोज सकाळी दहाला फोन यायचा, म्हणाली. पहिल्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तीन. एक गर्भ चार पेशींवर अडला होता, त्याच्या तोवर सात-आठ व्हायला पाहिजे होत्या. पाचव्या दिवशी दोन. त्यातला एक गर्भाशयात ठेवला. चौदा दिवसांनी रक्त तपासलं, काही नव्हतं. दुसरा गर्भ जळगावला गोठवून ठेवला आहे. चार महिने गोळी घेऊन सूज बसू द्यायची आणि मग, दिवाळी झाल्यावर, तो ठेवायचा. एवढा एकच उरला आहे.

“त्या पाच दिवसांत दहा वाजले की मी भांडी घासायला घ्यायचे,” मयुरी म्हणाली. “फोन जितेंद्रला उचलावा लागावा म्हणून.”

चारुलतानं फाईल बंद केली. सात दिवसांच्या बाळाचं चाळीस ग्रॅम वजन वाढलं म्हणून ती सकाळी खूश झाली होती. वजन, पाळीची तारीख, लोहाच्या गोळ्या यांचे रकाने तिच्या वहीत आहेत. गावातल्या मुलींची महिन्याची बैठक होते, तिथं किती पॅड वाटले तेही ती लिहिते. दुखतं का, किती दुखतं, शाळा बुडते का, यासाठी तिच्या वहीत रकाना नव्हता आणि सोळा वर्षांत तिला तो आखावासाही वाटला नव्हता.

उठून जाता आलं असतं. मयुरीला काही माहीत नव्हतं. बेबाबाईनं चारुलताचं नाव कधी सांगितलं नसणार, कारण त्या वेळी तसं वचनच घेतलं होतं. बेबाबाई गिरणीवरून यायला अजून अर्धा तास होता. चारुलतानं पिशवीचे बंद आवळले आणि पुन्हा सोडले.

“मयुरी, तेव्हा तुझ्या आईला मी सांगितलं होतं.”

“काय?”

“तू गोळ्या मागतेस म्हणून. मला वाटलं, बाहेर काही आहे तुझं.”

मयुरीनं तिच्याकडे पाहिलं. मग फायलीकडे पाहिलं. फायलीतला एक कागद बाहेर आला होता, तो तिनं आत सारला, कडेला कड जुळवून. शेजारच्या घरात कोणीतरी कानबाईची गाणी मोबाइलवर लावली होती, ती मधेच बंद झाली.

“आईनं सुकदेवचं नाव घेतलं होतं,” ती म्हणाली. “आमच्या बसला यायचा तो. मी त्याच्याशी एकदाच बोलले होते, खिडकी लावतोस का म्हणून. त्याच्या नावानं मला मार पडला. त्याला अजून माहीत नसेल.” ती किंचित हसली आणि ते हसू लगेच गेलं. “मला वाटायचं, बसमधल्या कोणीतरी चहाडी केली. नऊ वर्षं मी त्या बसमधल्या एकेका बाईला शिव्या घातल्या मनात.”

चारुलतानं माफी मागायला तोंड उघडलं, पण मयुरी तिच्यासाठी थांबली नव्हती, ती बोलतच होती.

“त्या गोळीच्या महिन्यात मी एकही दिवस न बुडवता कॉलेजला गेले होते. पहिल्यांदा. म्हणून मागत होते. आईला सांगू नका म्हणायचे, कारण ती म्हणायची, दुखणं सहन करायला शीक, नाहीतर सासरी हसतील.”

“मला कळायला पाहिजे होतं.”

“तुम्हाला कळलं असतं तरी मूल झालंच असतं, असं नाही. मॅडमनाही ते सांगता येत नाही, मी विचारलंय. लवकर कळलं असतं तर कदाचित आत एवढं चिकटलं नसतं, एवढंच म्हणाल्या. कदाचित.” मयुरीनं फाईल मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. “पण बीएस्सी मी झाले असते. त्याला कदाचित लागत नाही.”

चारुलतानं बटवा पिशवीत टाकला. मयुरीनं तिला चहा विचारला नाही. या घरात असं कधी झालं नव्हतं. ती पायरी उतरत होती तेव्हा मयुरी मागून म्हणाली, “आता कोण येतं तुमच्याकडे मागायला? कानबाई नसताना?”

चारुलता पायरीवरच थांबली. “आहे एक. आज सकाळीच आली होती.”

“तिच्या आईला काय सांगणार आहात?”

सकाळी काय सांगायचं ठरवलं होतं, ते चारुलतानं सांगितलं नाही. मयुरीला ते न सांगताच समजलं असावं. ती आत निघून गेली.

गुंताबाईचं घर पाणीटाकीपलीकडे. ओट्यावर ती दोन शेजारणींबरोबर गहू निवडत बसली होती. तिन्ही डोकी वर झाली. एकीनं विचारलं, गोळ्या आणल्या का अक्का, नाहीतर यंदा आमच्या सासूबाईच रोट लाटतील आणि वर्षभर पाठीचं गाऱ्हाणं सांगतील. चारुलतानं तिचं पाकीट दिलं, गुंताबाईचंही दिलं. मग म्हणाली, भाविकाबद्दल बोलायचं आहे. गुंताबाईचे हात सुपातच थांबले. शेजारणी उठल्या नाहीत; अशा वेळी कोणी उठत नाही.

“काय करं तिनी?” गुंताबाईनं विचारलं. आवाज आधीच खाली आला होता.

“काही केलं नाही. पोर सरळ आहे. पाळीत तिची शाळा किती दिवस बुडते?”

गुंताबाईनं बोटं मोजली. तीन. कधी चार. उलट्या होतात, भिंतीला पाय लावून पडते. बोलता बोलता तिचा जीव भांड्यात पडला होता. एवढंच होतं तर. ती हसून म्हणाली, “दुखनं ते बठ्ठ्यास्लेच ऱ्हास अक्का. लगीन व्हयनं, लेकरू व्हयनं, का जास.”

शेजारणींनी माना हलवल्या. ते वाक्य गुंताबाईचं नव्हतं. चारुलता महिन्याच्या बैठकीत मुलींना आणि त्यांच्या आयांना ते सांगत आली होती, अगदी याच क्रमानं : दुखतं सगळ्यांनाच; आधी लग्न, मग लेकरू, मग दुखणं जातं. गुंताबाईनं फक्त ते आपल्या बोलीत आणलं होतं. गावातल्या किती घरांत ते गेलं असेल याची यादी कुठंही नव्हती.

“ते मी सांगायचे,” चारुलता म्हणाली. “चुकीचं सांगायचे. शाळा बुडवणारं दुखणं डॉक्टरला दाखवायचं असतं. मी एका पोरीचं दाखवलं नाही. उलट तिच्या आईला भलतंच सांगितलं. तिचं नुकसान झालं.”

गोळ्यांची चेष्टा करणारी शेजारीण गव्हातला खडा बोटांत धरून बसली. ती पोर कोण, हे तिघींनाही समजलं असणार, निदान अंदाज आला असणार. संध्याकाळपर्यंत तो अंदाज पाणीटाकीच्या अलीकडे, गावभर पोचणार हे चारुलताला ठाऊक होतं. घरातल्या प्रशस्तिपत्राच्या चौकटीची तिला आठवण झाली आणि ती कुठल्या खिळ्यावर आहे तेही आठवलं.

गुंताबाई अडून बसली. बिनलग्नाची पोर बायांच्या डॉक्टरकडे नेली तर लोक काय समजतील. चार दिवसांवर कानबाई आली आहे. हिलालला काय सांगायचं. चारुलतानं एकेका शंकेला उत्तर दिलं. अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी शाळकरी मुली येतात. पोटाची सोनोग्राफी वरून होते. त्यात काही दिसलं नाही तरी आजार नाही असं समजायचं नाही, डॉक्टर विचारतील त्याची नीट उत्तरं द्यायची. हिलालशी ती स्वतः बोलेल. भाविकाला गोळी द्यायची की नाही, कोणती, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील; बटव्यातलं पाकीट तिला मिळणार नाही.

“आनि लोके इचारतीन ते?” गुंताबाई म्हणाली.

“माझं नाव सांगा. अक्काची चूक निस्तरायला चाललोय म्हणा.”

गुंताबाईनं शेजारणींकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून विचारलं की किती वाजता निघायचं.

चारुलतानं वही काढली. पाळीच्या तारखेच्या रकान्याशेजारी मोकळी जागा होती. तिथं पट्टी न लावता तिनं एक रेघ ओढली, रेघ थोडी तिरकी गेली. वर लिहिलं, ‘दुखणं’. खाली पहिलं नाव भाविकाचं लिहिलं. दुसरं नाव लिहायचं होतं, पण ते या गावच्या यादीत आता येत नाही.

अमळनेरची पहिली एसटी गावच्या थांब्यावर सात वाजून वीस मिनिटांनी येते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते, आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टर आठवड्यातून एकदाच, गुरुवारी बसतात. उद्या गुरुवार आहे.